ओटीतलं खरबूज

सासूबाईंना मरणाच्या दारापर्यंत नेलं ते मी माझ्या हातानं चिरलेल्या खरबुजानं. हे वाक्य कागदावर उतरवायला मला सहा वर्षं लागली.

मी आरोग्यसेविका होते. एकतीस वर्षं करमाळा तालुक्यातल्या उपकेंद्रांत काढली. लसीकरण, बाळंतपणं, हिवतापाच्या काचपट्ट्या आणि दर पावसाळ्यात गावोगावच्या विहिरी. जलसुरक्षकाच्या मागं लागून पाण्यात जंतुनाशक टीसीएल पावडर टाकून घ्यायची, काचेच्या नळीत क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टचे थेंब टाकून पाणी पिवळं होतंय का बघायचं, नाही झालं तर सरपंचांच्या दारात जाऊन बसायचं. पाण्यातून रोग कसा येतो हे मी बायकांना हजार वेळा सांगितलं असेल. फळातून येतो हे मात्र एकदाही तोंडातून निघालं नाही, कारण ते मलाच नीट उमगलं नव्हतं.

आमचं गाव यशवंतसागराच्या काठावर आहे. उजनीच्या जलाशयाचं कागदोपत्री नाव ते. आम्ही नुसतं 'बॅकवॉटर' म्हणतो. १९८० साली धरण पुरं झालं. माझ्या सासरचं जुनं घर, विहीर, चिंचेचं झाड सगळं पाण्याखाली आहे. जवळपास ११७ टीएमसीचं धरण, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात बातम्यांत 'उजनी मायनसमध्ये' असं येतं, तेव्हा आमच्या बाजूला पाणी मैलभर मागं सरकलेलं असतं. पलीकडं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, बघायला माणसं येतात. आम्ही मात्र गाळाकडं बघतो. पाणी जसं उतरेल तसं त्या काळ्या, भेगाळलेल्या गाळावर बी टोचायचं. याला गाळपेर म्हणतात. कलिंगड, खरबूज, काकडी. त्या जमिनीला खत फारसं लागत नाही आणि फळाला गोडी अशी येते की मळ्यातल्या फळाला सर नाही.

त्या वैशाखात लेकीला सातवा लागला होता. डोहाळजेवण घरीच करायचं ठरलं. मुलानं सकाळी गाळपेरीतून खरबुजं आणली, एकेक दीड-दोन किलोचं, वासानं ओसरी भरली. उन्हात तापलेली ती गार व्हावीत म्हणून मी अंगणातल्या हौदात सोडली. हौदातलं पाणी मोटारीनं बॅकवॉटरमधून चढवलेलं. तासाभरानं काढली, पदरानं पुसली आणि विळीवर चिरायला बसले. तीच विळी, जिच्यावर आदल्या दिवशी चिलापी मासे साफ केले होते. धुतली होती, पण पात्याच्या बुडाशी, लाकडाच्या खाचेत काय अडकून राहतं ते ज्यानं विळी वापरली आहे त्याला सांगायला नको. दहा वाजता फोडींच्या दोन पराती भरून मांडवात ठेवली, वर जाळीचं झाकण. बायका जमल्या, ओटी भरली, झोपाळा झाला, गाणी झाली. पंगत बसली तेव्हा अडीच वाजले होते. उन्हाचा पारा बेचाळिसावर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून फोन यायला लागले. कुणाच्या पोटात मुरडा, कुणाला ताप. लेकीला रात्री चार-पाच जुलाब झाले. बाळाची हालचाल ठीक होती; जलसंजीवनी देत देत तिनं दोन दिवस काढले. सासूबाईंना मात्र तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. वय ब्याऐंशी, वीस वर्षांची शुगर. त्या मला ओळखेनात तेव्हा गाडी काढली. अकरा दिवस त्या दवाखान्यात होत्या. लघवी कमी झाली, किडनीवर ताण आला. रक्ताच्या कल्चरमध्ये साल्मोनेला निघाला. आतड्यातला जंतू रक्तात उतरला होता.

त्या वाचल्या, पण त्यानंतर काठीशिवाय उभ्या राहिल्या नाहीत.

दवाखान्यातून आल्यावर मी वही घेतली. साथीच्या कामात आम्हाला हेच शिकवलेलं: कोण आजारी पडलं एवढंच विचारायचं नाही, कोण पडलं नाही तेही विचारायचं. मांडवात आलेल्या प्रत्येकीच्या घरी गेले. बासुंदी खाल्ली का, पुरी, भजी, मठ्ठा, फळं? बासुंदी तर सगळ्यांनीच खाल्ली होती, आणि गावाचा संशयही बासुंदीवरच होता. पण ज्यांना जुलाब लागले त्यातल्या बहुतेकींनी फळांच्या परातीतलं घेतलं होतं आणि फळाला हात न लावता उठलेल्या बहुतेक जणी धडधाकट होत्या. माझ्या नणंदेच्या घरात तर चित्र अगदी स्वच्छ दिसलं. तिनं, तिच्या सुनेनं आणि तीन वर्षांच्या नातीनं एकाच ताटलीतून खाल्लं. सुनेला काही झालं नाही, नणंदेला एक दिवस त्रास झाला, नात चार दिवस सलाइनवर होती. जंतू तिघींच्या पोटात गेला असणार, पण तीन शरीरांनी त्याला तीन तऱ्हांनी तोंड दिलं.

वही मिटताना एक गोष्ट माझ्या मनात बसली ती आजतागायत निघाली नाही. आपल्याकडं फळ जातं कुणाकडं? गर्भारशीच्या ओटीत पाच फळं. आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीभर फळं. एकादशी धरणाऱ्या म्हाताऱ्यांना फराळाला फळं. बाळाच्या उष्टावणानंतर पहिलं काय, तर कुस्करलेलं फळ. किमो घेऊन आलेल्याला दुसरं काही जात नाही म्हणून फळ. धडधाकट माणूस भाकरी खातो. फळ आपण नाजूक माणसासाठी राखून ठेवतो. भाकरी तव्यावर भाजून निघते, दूध उतू जाईपर्यंत तापतं, भाजी शिजते. फळ तेवढं कच्चं, जसं शेतातून आलं तसं पोटात जातं. घरातलं सर्वांत नाजूक शरीर आणि विस्तवाचा स्पर्श न झालेलं अन्न यांची गाठ आपण मायेनं घालून देतो. ती माया सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या गाठीवर आपलं सगळ्यात जास्त लक्ष हवं, आणि तिथंच आपण सगळ्यात निर्धास्त असतो.

गावात फळाची भीती नाही असं नाही. पण ती वेगळ्याच गोष्टीची असते. केळी कार्बाइडनं पिकवली का, कलिंगडाला सुई मारून रंग भरला का, गर्भारशीनं पपई खाल्ली तर काय. फळं पिकवायला कार्बाइड वापरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. त्याऐवजी इथिलीन वायू ठरलेल्या प्रमाणात चालतो. पण जो त्रास एका रात्रीत म्हातारं माणूस आडवं करतो तो बहुधा सालीवरच्या जंतूचा असतो आणि त्याला रंग, वास, चव काहीच नसतं. आमची खरबुजं त्या दिवशी मधासारखी गोड होती.

जंतू सालीवर येतो कुठून, याचं उत्तर आमच्या काठावर तरी लपलेलं नाही. पवना दापोडीपाशी मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत येते, इंद्रायणी तुळापूरला. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, शुद्ध झालेलं आणि न झालेलं, या वाटेनं शेवटी आमच्या दारात येऊन थांबतं. उन्हाळ्यात साठा आटला की पाणी शेवाळानं हिरवंगार होतं, हात घातला तर वास दोन दिवस जात नाही. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली. हातापायातलं बळ घालवणारा तो आजार. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा पोटाच्या संसर्गाचा जंतू सापडला, संशय पाण्यावर गेला. त्या साथीतला पहिला संशयित मृत्यू आमच्या सोलापुरात नोंदला गेला. तेव्हा कुठं घराघरांत 'पाणी उकळून प्या' पुन्हा सुरू झालं. पिण्याचं पाणी लोक उकळायला लागले आणि फळं मात्र त्याच मोटारीच्या पाण्यात बुडवत राहिले. मी स्वतः सहा वर्षांपूर्वी हेच केलं होतं.

पाण्याशिवायही वाटा आहेत. कच्चं कोंबडखत. रानात बसवलेल्या मेंढ्या. आमच्याकडं धनगरांचा कळप दोन रात्री रानात बसवला की शेतकरी खूश असतो. शेण-लेंडी कुजून खत झालं की त्यातले जंतू बरेच मरतात, ताजं असताना जिवंत असतात. लिस्टेरिया नावाचा एक जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात आढळतो. त्यानं आजारी पडलेली मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरत राहते. माणसांत तो कमी दिसतो, पण गर्भारशीचा आणि म्हाताऱ्यांचा तो खास वैरी आहे.

निवृत्तीनंतर हातात वेळ होता. पुण्याला असणाऱ्या भाच्यानं मला मोबाइलवर परदेशातल्या साथींचे अहवाल शोधून, अर्थ सांगून दाखवले. त्यातला एक तर मला आमच्याच गावातला वाटला.

२०११ साली अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या जेन्सन फार्म्स नावाच्या शेतातलं खरबूज खाऊन १४७ जण लिस्टेरियानं आजारी पडले आणि ३३ दगावले. बहुतेक साठीपुढचे. सात आजार गर्भारपणाशी जोडलेले होते, चार गरोदर बाया आणि तीन नवजात बाळं. एकीचा गर्भ गेला. तपासणारे शेतावर गेले तेव्हा फळं भरायच्या शेडमध्ये त्यांना काय दिसलं? फरशीवर साचलेलं पाणी. नीट साफ न करता येणारं यंत्र, आधी दुसऱ्या पिकासाठी वापरलेलं. उन्हातून आणलेलं फळ आधी गार न करता थेट शीतगृहात. आणि खराब फळं गुरांच्या गोठ्याकडं नेणारा ट्रक शेडच्या जवळ लावलेला. यातली एकही गोष्ट मला परकी वाटली नाही. आमच्याकडं ज्या टेम्पोतून सकाळी कोंबडखत येतं त्याच टेम्पोतून संध्याकाळी खरबूज इंदापूरला जातं.

खरबुजाचंच नाव पुन्हा पुन्हा का येतं, याला कारण आहे. कलिंगडाची साल गुळगुळीत असते. खरबुजाची जाळीदार, त्या जाळीच्या खोबणीत माती आणि जंतू असे बसतात की नुसत्या पाण्यानं निघत नाहीत. फळ जमिनीवर लोळत वाढतं. आतला गर आंबट नसतो. लिंबू, संत्रं, द्राक्षं यांच्या आंबटपणात जंतूला वाढायला अवघड जातं. खरबुजाचा गर म्हणजे त्याला गोड, ओली, मऊ गादी. सुरी सालीवरून आत जाते तेव्हा सालीवरचं सगळं गरात ओढत नेते. आपण साल खात नाही म्हणून ती धुवायची गरज नाही, हा समज इथं घात करतो.

२०१८ साली ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या एका शेतावरच्या खरबुजानं २२ जण आजारी पडले, सात गेले. तिथं पाऊस आणि धुळीच्या वादळांनी फळांवर बसलेली घाण धुण्यातून पुरती निघाली नव्हती. वळवाआधीची आमची वावटळ आठवा. २०२३ साली मेक्सिकोहून आलेल्या खरबुजांमधल्या साल्मोनेलानं अमेरिकेत ४०७ जणांना गाठलं, सहा दगावले. कॅनडात १९० आजारी आणि नऊ मृत्यू, आणि तिथं बहुतेक आजारी एक तर पाच वर्षांच्या आतली पोरं होती नाही तर पासष्टीच्या पुढची माणसं. नणंदेच्या घरातली ताटली मला तिथंही दिसली.

आता हौदाचं सांगते, कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं. १९९९ साली अमेरिकेत ब्राझीलहून आलेल्या आंब्यांतून साल्मोनेलाची साथ आली. ७८ रुग्ण, दोन मृत्यू. ते आंबे फळमाशी मारायला गरम पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात घालत असत. तापलेलं फळ गार पाण्यात पडलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या खुणेतून पाणी आत ओढलं जातं. पाण्यात जंतू असेल तर तोही गरात शिरतो. मग बाहेरून कितीही घासा. मी उन्हातलं खरबूज हौदात सोडत होते तेव्हा मला वाटत होतं मी ते धुते आहे.

आणि मांडवातले साडेचार तास. अनुकूल उबेत असे जंतू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात. वीस मिनिटं धरली तर एकाचे तासात आठ, चार तासांत चार हजारांवर. बेचाळीस अंशांच्या उन्हातली चिरलेल्या फळाची परात म्हणजे विरजण लावून ठेवल्यासारखंच. चिरलेलं फळ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एका तासात. सोलापूर जिल्ह्यात फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत दुपारी आपण त्या एक तासाच्याच हिशेबात असतो. फ्रिजवरही पुरता भरवसा नको, लिस्टेरिया थंडीतही हळूहळू वाढत राहतो. सकाळी चिरलेलं संध्याकाळपर्यंत संपवावं.

नाजूक कोण, हे नुसत्या वयावरून ओळखता येत नाही. गर्भारशीला तर बाळ सांभाळायचं म्हणून शरीरच आपली राखण थोडी सैल करतं. लिस्टेरिया तिला इतरांपेक्षा दहापट जास्त गाठतो, असं अमेरिकेतली रोगनियंत्रण यंत्रणा सांगते. आईला नुसती कणकण, अंगदुखी, आणि इजा पोटातल्या बाळाला. तीही लगेच नाही, कधी खाल्ल्यावर काही आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी. कुणाला आठवणार तेव्हा कुठलं फळ खाल्लं होतं? शुगरवाले, डायलिसिसवर असणारे, किडनी बदललेले, किमो चालू असणारे, हे सगळ्यांना कळतं. पण दोन माणसं आपल्या नजरेतून सुटतात. एक, रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेणारं. पोटातलं आम्ल ही जंतूला अडवणारी पहिली वेस. गोळी ती वेस उघडी ठेवते. आमच्या गावात पन्नाशीच्या पुढं अशी गोळी न घेणारा माणूस शोधावा लागेल. सासूबाई पंधरा वर्षं घेत होत्या. दुसरं, गुडघेदुखीसाठी कुठून तरी पुड्या आणून खाणारं. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दुखणं थांबतं तशी शरीराची राखणही झोपते आणि माणूस समजतो आपण ठणठणीत आहोत. डॉक्टरांनी दिलेली गोळी मनानं बंद करू नका. पण ती चालू आहे म्हणजे ताटातल्या कच्च्याकडं दुप्पट लक्ष हवं.

मग खायचं काय? फळ सोडायचं मुळीच नाही. आमच्या काठानं केळीचं सोनं केलंय, कंदरच्या बाजूनं केळी आखातात जाते, आणि नाजूक माणसासाठी केळ्यासारखं फळ नाही. त्याची साल हातानं निघते, सुरी लागत नाही, आतलं हवेला उघडं पडतं ते थेट तोंडाशी. संत्रं, मोसंबी तसंच. वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी इंदापूर, सराटीवरून अकलूजकडं जाते तेव्हा रस्त्यावर वाटली जाणारी केळी बघून मला फार बरं वाटतं. सत्तरीचे वारकरी, दिवसाची वीस किलोमीटरची चाल, आषाढाचा चिखल. त्यांना चिरलेल्या कलिंगडापेक्षा अख्खं केळं हजारपट चांगलं.

डाळिंबाचं वेगळं. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आमचा तो अभिमान. दाणे आंबटगोड, त्यांत जंतू सहजी वाढत नाही. पण विषाणूला वाढायची गरजच नसते, नुसतं चिकटून राहिलं तरी भागतं. २०१३ साली अमेरिकेत गोठवलेल्या फळांच्या मिश्रणातून १६५ जणांना हिपॅटायटिस ए, म्हणजे कावीळ झाली. संशय त्यातल्या तुर्कस्तानहून आलेल्या डाळिंबाच्या दाण्यांवर ठरला. दाणे गोठले तरी विषाणू मेला नव्हता. म्हणून डाळिंब घरी सोलावं, आणि सोलणाऱ्यानं आधी साबणानं हात धुवावेत. डबीत भरलेले दाणे आजाऱ्यासाठी आणू नयेत.

हायवेवर भिगवणपासून टेंभुर्णीपर्यंत हातगाड्या लागतात. कलिंगडाच्या फोडी बर्फाच्या लादीवर मांडलेल्या, पेरूला तिखट-मीठ. तो माणूस उन्हात उभा राहून पोट भरतो, त्याच्यावर माझा राग नाही; त्याला नळ कुणी दिलेला नाही. पण लादीचा बर्फ खाण्याचा असतोच असं नाही. खाण्याचा नसलेला बर्फ निळा हवा असा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला. निळी झाक दिसली तर पुढं चला. गाडीत गरोदर लेक, दोन वर्षांचं पोर किंवा म्हातारे वडील असतील तर अख्खा पेरू घ्या, घरी नेऊन धुवा.

धुण्याची माझी आताची रीत अगदी साधी आहे. आधी हात, साबणानं. मग फळ वाहत्या पाण्याखाली, आणि पाणी तेच जे आपण पितो. बादलीत बुडवून ठेवत नाही. खरबुजाला एक कडक ब्रश वेगळा ठेवला आहे, जाळीत तो फिरवून दोन मिनिटं घासते. साबण, निरमा फळाला लावायचा नाही, साल तो शोषते. मीठ-हळदीच्या पाण्यावर बायकांचा फार विश्वास. त्यानं धूळ निघते, जंतू मरतील याची खात्री नाही. धुतल्यावर स्वच्छ फडक्यानं कोरडं पुसते, पदरानं नाही. देठाकडची चकती काढून टाकते. मासळीची विळी वेगळी, फळाला सुरी वेगळी. फुटलेलं, पाखरानं टोचलेलं किंवा वटवाघळानं उष्टावलेलं फळ पाडाचं आहे म्हणून गोड मानायचं नाही, टाकून द्यायचं. एवढं करूनही खरबुजाच्या जाळीतलं सगळं निघतं असं नाही. म्हणून किमोवर असलेल्या माझ्या चुलतदिराला मी खरबूज देतच नाही. बार्शीला उपचाराला जातो तेव्हा डब्यात केळी आणि मोसंबी.

आणि तरीही कुणाला झालंच, तर जुलाब थांबवायची गोळी दुकानातून आणून देऊ नका. रक्त किंवा ताप असेल तर ती घात करू शकते. जलसंजीवनी घोट घोट चालू ठेवा, पोराला आईचं दूध आणि चौदा दिवस झिंक. लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसलं, म्हातारं माणूस गुंगीत बोलायला लागलं, की १०८ लावा. वाट बघत बसू नका. मी तिसऱ्या दिवसाची वाट बघितली होती. गर्भारशीला नुसता ताप आला तरी डॉक्टरांना सांगा की तिनं बाहेरचं किंवा चिरून ठेवलेलं फळ खाल्लं होतं, कारण डॉक्टर ते आपणहून विचारतीलच असं नाही. लिस्टेरिया वेळेत ओळखला तर साध्या, जुन्या प्रतिजैविकानं बरा होतो.

हे सगळं मी गावात बोलायला लागले तेव्हा मुलगा पहिल्यांदा चिडला. "आई, तू असं बोलत फिरलीस तर आपलं खरबूज घेणार कोण?" त्याचं खोटं नव्हतं. जेन्सन फार्म्सनं आपली फळं रॉकी फोर्ड या नावाजलेल्या भागाच्या नावानं विकली होती, शेत तिथून दीडशे किलोमीटर लांब असताना. साथ आली आणि रॉकी फोर्डच्या ज्या शेतकऱ्यांचा काही दोष नव्हता त्यांचाही माल पडून राहिला. पण पुढं त्यांनी काय केलं ते मी त्याला सांगितलं. त्यांनी मिळून संघ काढला आणि फळ धुण्याची, गार करण्याची व्यवस्था नव्यानं उभी केली. माल परत विकला जायला लागला.

सासूबाई त्या वेळी ओसरीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तिचं खरं हाय. पानी तर बघ की आपलं."

त्या आता नाहीत. पण मुलानं पुढच्या हंगामापासून गाळपेरीतल्या निम्म्या रानात मल्चिंग पेपर आणि ठिबक केलं. फळ मातीवर लोळत नाही, वरून पाणी पडत नाही. कोंबडखत चार महिने ढिगात कुजवून मगच टाकतो. टेम्पो आधी धुऊन घेतो. आणि या वर्षी त्यानं शेडमध्ये सिंटेक्सची टाकी बसवली, बोअरच्या पाण्याची, फळ शेवटचं धुवायला. पहिल्या तोडणीच्या दिवशी मला बोलावलं. गावच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल आणली होती, टाकीत निवळी करून ओतली होती. मी माझी जुनी पेटी काढली, नळीत पाणी घेतलं, ओटी टेस्टचे थेंब सोडले. पिण्याच्या पाण्याला फिकट पिवळा रंग येतो. हे फळ धुवायचं पाणी, क्लोरीन जास्त. नळी नारिंगी झाली. मुलगा ती उन्हासमोर धरून किती तरी वेळ बघत उभा होता, आणि शेजारी नात विचारत होती की आता तरी कापणार का.